दर्भाचा कावळा

परवा माझी भाची फोनवर म्हणाली, ‘‘मामा, मला त्याच्याशी भांडायचं नाही, परतही जायचं नाही, मला फक्त क्लोजर हवं आहे.’’ मी ‘बरं’ म्हणालो खरा, परंतु फोन ठेवल्यावर या शब्दाला मराठीत काय म्हणावे, याचा विचार करीत बसलो. समाप्ती म्हणावे तर तिला कार्यक्रमपत्रिकेचा वास येतो, आणि सोक्षमोक्ष लावायचा तर समोर दुसरा पक्ष उभा असावा लागतो. भाचीच्या बाबतीत तो पक्ष फोनच उचलत नव्हता.

गंमत अशी की, क्लोजर न मिळण्याला मात्र आपल्याकडे शब्दच शब्द आहेत. गाडी सुटताना धड बोलणे झाले नाही, की लागते ती चुटपुट. आईला एकदा काशीला न्यायचे राहूनच गेले, ती रुखरुख. आणि ज्याविषयी कोणाजवळ बोलताही येत नाही, तो सल. पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा अर्धवट राहिलेली कामे अधिक लक्षात राहतात, असे मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी बर्लिनमधील प्रयोगांवरून १९२७ मध्ये मांडले; आमच्या आजीला ते प्रयोगावाचून ठाऊक होते. शेवटाचे नाव घेणे मात्र आपण शक्यतो टाळतो. दुकान बंद करायचे तर ते ‘वाढवायचे’, फुटलेली बांगडीसुद्धा ‘वाढली’ म्हणायची, आणि घराबाहेर पडणाऱ्याने ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणायचे.

सरकारी कागदांना असा संकोच नसतो. काही वर्षांपूर्वी माझी स्कूटर चोरीला गेली, तेव्हा बऱ्याच हेलपाट्यांनंतर मला ‘अ समरी’ हा शब्द कळला. गुन्हा खरा आहे, पण आरोपीचा तपास लागत नाही, असा अहवाल पोलिसांनी द्यायचा आणि न्यायालयाने तो मंजूर करायचा, की फाइल बंद. विम्याचे पैसे मिळायला तो कागद उपयोगी पडला, हे कबूल केले पाहिजे. तरी तशाच निळ्या रंगाची स्कूटर दिसली, की माझी नजर आजही आधी नंबरप्लेटकडे जाते.

आपल्याकडचे खरे क्लोजर मला वाटते घाटावर, दहाव्याच्या दिवशी मिळते, किंवा मिळत नाही. काकांच्या दहाव्याला पिंड मांडून आम्ही उन्हात उभे होतो. समोरच्या भिंतीवर दोन कावळे बसले होते, मान तिरकी करून भाताकडे बघत होते, पण खाली उतरत नव्हते. थोरल्या चुलतभावाने हात जोडून सांगितले, की धाकटीच्या लग्नाचे मी बघतो. मग बांधाचा दावा मागे घेण्याचे कबूल झाले. कोणी तरी काकांना आवडणारी भजीही आणून ठेवली. तासाभराने दोन्ही कावळे उडून गेले. अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला शिवविला, विधी पुरा झाला आणि आम्ही आंघोळी करून घरी परतलो.

काकू दारातच उभ्या होत्या. ‘‘शिवला का?’’ त्यांनी विचारले, आणि आम्ही सगळ्यांनी एकदमच ‘हो’ म्हटले.