तुम्ही विचारलंत म्हणून: पुढची चाकं का ओढत नव्हती?

लग्नाच्या पंगतीत, बाजार समितीच्या गेटवर, एकदा तर मानवत रोड स्टेशनच्या बाकड्यावर. जुन्या गाड्यांचा नाद असलेला माणूस भेटला की प्रश्न ठरलेला: "अण्णा, तुमच्या जिप्सीचं फोर बाय फोर गेलं होतं म्हणे. काय निघालं? ट्रान्सफर बदललं का?"

ट्रान्सफर, म्हणजे पुढच्या चाकांकडेही ताकद वळवणारा गिअरचा डबा, नाही बदललं. पुढच्या डाव्या हबात, म्हणजे चाकाच्या मध्यावरच्या कुलपात, वाळलेलं ग्रीस निघालं.

एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. पुढच्याच्या डोक्यात हजारोंचा आकडा असतो आणि मी वाटीभर ग्रीस सांगतो, म्हणजे मी काहीतरी लपवतोय असंच त्याला वाटतं. म्हणून सगळंच लिहितो.

गाडी 1998 ची, जिप्सी किंग, 1300 सीसी, कार्बोरेटरवाली. माझी नोकरी जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर गेली. पैठणपासून 208 किलोमीटरचा तो कालवा आणि त्याच्या कडेचा मुरमाचा रस्ता. सरकारी जीप होती, ड्रायव्हर होता, त्यामुळे चारही चाकं ओढतात की नाही याची काळजी मला कधी करावी लागली नाही. निवृत्तीनंतर शेताकडे लक्ष द्यायचं म्हणून ही जिप्सी घेतली. डांबरी रस्ता सोडला की शेतापर्यंत दीड किलोमीटर पाणंद, आणि ती सगळी काळ्या मातीची.

काळ्या मातीचा चिखल ज्यानं पाहिला नाही त्याला हे सांगून कळत नाही. ही माती पाणी पिऊन फुगते. टायरच्या खाचा पहिल्या वीस फुटांतच भरतात, चाक मडक्यासारखं गुळगुळीत होतं, वर मडगार्डात माती ठासून बसते ती वेगळीच. वापसा आल्याशिवाय, म्हणजे ओल उतरून माती चालण्याजोगी झाल्याशिवाय, आमच्याकडे कुणी बैलगाडीसुद्धा घालत नाही. पण त्या जुलैत तीन दिवस झड लागली होती आणि बांध फुटल्याचा निरोप आला होता. मी पुढचे हब लॉक केले, म्हणजे चाकं ॲक्सलला जोडली, लिव्हर फोर-एचला (चारही चाकांना ताकद) टाकला, डॅशबोर्डवरचा दिवा लागला आणि मी निघालो.

निम्म्या पाणंदीत मागची चाकं जागेवर फिरायला लागली. पुढची नुसती उभी, मांडवात आलेल्या व्याह्यासारखी. अर्ध्या तासानं ट्रॅक्टर आला. त्याच्या मालकानं दोर बांधता बांधता एवढंच विचारलं, "अण्णा, वापसा तरी येऊ द्यायचा. कामून घातली?"

त्या दिव्यानं मला फसवलं, असं मी बरेच दिवस म्हणत होतो. ते खरं नाही. लिव्हर सरकून ट्रान्सफरवरचा स्विच दाबला गेला, एवढंच तो दिवा सांगतो. चाकापर्यंत काय पोचलं ते त्याला कुठून कळणार?

परभणीतल्या एका गॅरेजात गाडी नेली. गाडी उचललीसुद्धा नाही. लिव्हर दोनदा मागेपुढे केला आणि सांगितलं, "ट्रान्सफर गेलं. स्क्रॅपमधून दुसरं बघावं लागेल." आकडा असा होता की घरी मी तो निम्माच सांगितला.

पैसे देणारच होतो, पण रात्री जुनी नोकरी आठवली. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी पोचलं नाही म्हणून आम्ही कधी धरण खोलायला गेलो नाही. मुख्य दारापासून चालत निघायचं, वितरिका बघायची, मग शेतापर्यंत जाणारी चारी बघायची. पाणी जिथपर्यंत दिसतं आणि जिथून पुढे दिसत नाही, त्या दोन जागांच्या मधे दुखणं असतं. गाडीतही वाट ठरलेलीच आहे: ट्रान्सफर, तिथून पुढे येणारा जॉइंट शाफ्ट, पुढचं हाउसिंग (त्यातच दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारं डिफरन्शियल), दोन बाजूंचे दोन ॲक्सल, नकल (चाक वळतं तो सांधा), हब आणि शेवटी चाक. धरण खोलायचं असेल तर सगळ्यात शेवटी.

पाथरी रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये एक चाचा बसतात. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी गाडीखाली पाहिलं आणि म्हणाले, "डब्बा नक्को खोलो साब. पैले चाक उठाव."

मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले, पुढचं हाउसिंग उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवलं. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कुणी जाऊ नये. चाचा तर पोरांना जॅकजवळ उभंही राहू देत नाहीत. इंजिन बंद, दोन्ही हब लॉक, लिव्हर फोर-एचला. चाचांनी आधी पुढचा जॉइंट शाफ्ट हातानं पिळून पाहिला. इंचभर ढिलाई दाखवून तो घट्ट थांबला. लिव्हर टू-एचला (फक्त मागची चाकं) आणला, तर शाफ्ट हातात गरगर फिरला. म्हणजे ट्रान्सफर शाफ्टला धरतं आणि सोडतंही. दोन मिनिटं लागली आणि परभणीचा आकडा गळून पडला. (चढावर जोर आला की ज्याचा लिव्हर उडून मागे येतो त्याचं दुखणं या परीक्षेत सापडत नाही. माझा लिव्हर कधी उडाला नव्हता.)

मग लिव्हर परत फोर-एचला, म्हणजे शाफ्ट अडकलेला. आता उजवं चाक पुढे फिरवलं तर डावं उलटं फिरायला पाहिजे. डिफरन्शियलचा स्वभावच तो आहे. चाचांनी मला उजवं चाक फिरवायला लावलं. डावं हललं नाही. डावं फिरवलं तर ते सायकलच्या चाकासारखं हलकं फिरलं, आत दात्यांचा आवाज नाही, काही नाही. डाव्या हबच्या टोपणाचे सहा बोल्ट काढले. मी पुन्हा उजवं चाक फिरवलं, तेव्हा डाव्या ॲक्सलचं टोक आत व्यवस्थित उलटं फिरताना दिसलं. त्याच्याभोवती हब आणि चाक मात्र गप्प. पाणी शेताच्या बांधापर्यंत आलं होतं, दार तेवढं उघडलं नव्हतं.

लोक इथे अडवतात: "हब डाव्या बाजूचं गेलं, मग उजवं चाक का ओढत नव्हतं?" माझ्या मते सगळ्या गोष्टीत समजून घेण्यासारखं हेच आहे. साध्या डिफरन्शियलमध्ये ताकद ज्या बाजूला अडवणूक कमी त्या बाजूनं वाहून जाते. डावा ॲक्सल चाकाला जोडलेलाच नव्हता, त्याला अडवणारं काही नव्हतं, तो आतल्या आत मोकळा फिरत राहिला. उजव्या हबात काही दोष नसूनही त्या चाकाच्या वाट्याला काही आलं नाही. चारीला एका बाजूनं भगदाड पडलं तर दुसऱ्या बाजूच्या दारातून पाणी चढत नाही, तसं.

हबच्या आत दात्यांची एक रिंग असते. बाहेरची चकती लॉककडे फिरवली की ती सरकून ॲक्सल आणि चाक एकमेकांत गुंतवते. आमची रिंग ग्रीसमध्ये गुळाच्या ढेपेत मुंगळा अडकावा तशी अडकली होती. चकती फिरायची, रिंग जागेवरच.

हे ग्रीस कुणी भरलं होतं? मीच. आदल्या वर्षी हब उघडले तेव्हा अंगठ्यानं दाबून दाबून जाड ग्रीस भरलं होतं, जास्त ग्रीस म्हणजे जास्त काळजी या हिशोबानं. त्यात वरून पेट्रोल वाचवायचं म्हणून चौदा महिने हब लॉककडे फिरवलेच नव्हते. दोष गाडीचा नाही. तिथे रिंगला पातळ हात पुरतो. चाचांनी सगळं रॉकेलमध्ये धुतलं, दाते पॉलिश पेपरनं साफ केले, बोटाला लागेल एवढंच ग्रीस लावलं, नवं पॅकिंग टाकलं. उजवं हबही लगेच उघडून धुतलं.

जाता जाता त्यांनी हाउसिंगचा प्लग काढला, तर ऑइल ताकासारखं पांढरट. ओढ्यातून गाडी घालण्याची माझी सवय. तापलेलं हाउसिंग गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि वरची ब्रीदरची (हवा जाण्या-येण्याची) नळी चिखलानं बंद असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. नळी फुंकून मोकळी केली, नव्वद नंबरचं ऑइल नवं भरलं. सगळं मिळून 1,640 रुपये. चाचा मजुरी घेतात, पण चहाचे पैसे देऊ देत नाहीत.

इथे गोष्ट संपायला पाहिजे होती. पण आनंदाच्या भरात मी फोर-एचमध्येच डांबरी रस्त्यानं तीन किलोमीटर आलो. स्टिअरिंग जड झालं आणि लिव्हर टू-एचला येईना. मला वाटलं, आता खरंच ट्रान्सफर गेलं. चाचांना फोन केला तर ते हसले. गाडी सरळ मागे घ्या म्हणाले. वीस-पंचवीस फूट मागे घेतली आणि लिव्हर लोण्यासारखा निघाला.

कारण पुन्हा मीच. पुढचे दोन टायर नवे होते, मागचे झिजलेले. खाचांच्या खोलीत पाच मिलिमीटरचा फरक असेल तर चाकाच्या एका फेऱ्यात साधारण 31 मिलिमीटरचा फरक पडतो. माझा टायर 205/70 आर 15, त्याचा परीघ 2.1 मीटरच्या आसपास. हिशोब केला तर किलोमीटरमागे 15 मीटर निघतात. जिप्सीत पुढच्या-मागच्या चाकांमधला फरक सोसणारं मधलं डिफरन्शियल नाही. चिखलात चाक घसरून तो फरक फेडून टाकतं, डांबरावर घसरता येत नाही म्हणून सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि दात्यांमध्ये साठतो. ज्यांच्या गाडीत मागची चाकं आपोआप जोडली जातात त्यांनीही टायरचा हा हिशोब बघावा. तिथे कपलिंग तापून आतल्या प्लेटी जळतात. त्या गाड्यांचं दुखणं शोधताना मात्र आधी फ्यूज, वायरी आणि कपलिंगचं ऑइल बघायचं असतं. तो माझा प्रांत नाही.

आता दर अमावस्येला, आमच्याकडे तसंही त्या दिवशी गडी कामाला येत नाहीत, मी शेताच्या मातीत हब लॉक करून शंभर-दोनशे फूट जातो. घरचे म्हणतात, गाडीला नैवेद्य दाखवायला निघाले.

गेल्या महिन्यात सेलूहून एकाचा फोन आला. त्याची गाडी जुनी जीप. माझी गोष्ट त्यानं कुणाकडून तरी ऐकली होती आणि थेट दोन्ही हब खोलून धुतले होते. तरी पुढची चाकं मेलेलीच. मी म्हटलं, फोर-एचला टाकून शाफ्ट हातानं पिळून पाहिला का? नव्हता पाहिला. पाहिला तर मोकळा फिरला. त्याच्या लिव्हरची पिन झिजली होती. लिव्हर पुढे जायचा, आतली दांडी अर्ध्यातच राहायची. पिन बदलली, काम झालं.

"अण्णा," तो म्हणाला, "हब उगंच धुतले की मग."

"ग्रीस किती निघालं?"

थोडा वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. "वाटीभर," तो म्हणाला.