लॉगबुकचं शेवटचं पान

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी एका पत्र्याच्या पेटीत सासऱ्यांचं रेडिओचं लायसन्स आहे. नुसता ऐकायचा रेडिओ, पण त्याचंही लायसन्स! पोस्टात जाऊन पैसे भरायचे, पुस्तिकेवर तिकीट चिकटवून घ्यायचं, मग मालवा हाउसच्या, म्हणजे इंदूर आकाशवाणीच्या, बातम्या ऐकायला मोकळे. माझं हॅम रेडिओचं, म्हणजे हौस म्हणून बिनतारी सेटवरून एकमेकांशी बोलायचं, लायसन्स आलं तेव्हा सासूबाईंनी पहिल्यांदा हेच विचारलं, "तुझं तर बोलायचं आहे ना? मग जास्त पडले असतील." पडले. वीस वर्षांचे हजार रुपये.

परीक्षेचं मला फार काही वाटलं नाही. शाळेत फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेते, ओहमचा नियम म्हणजे हातचा मळ. नियमांचा पेपर मात्र घोकावा लागला. मोर्सच्या कडकट्टशिवाय मिळतं ते रिस्ट्रिक्टेड लायसन्स, त्याची कॉलसाइन, म्हणजे हवेतलं आपलं नाव, व्हीयू३ ने सुरू होते. व्हीयू२ हवी तर वरची, जनरलची परीक्षा द्यायची आणि मिनिटाला आठ शब्दांनी मोर्स घ्यायचा. "तुला कुकरच्या शिट्या धड मोजता येत नाहीत," इति आमचे हे. तूर्त व्हीयू३.

या नादाला लागले त्याचं कारण भारती प्रसाद. डिसेंबर २००४ मध्ये त्या हॅम रेडिओ घेऊन पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या, हौसेनंच. तेवढ्यात त्सुनामी आली, फोन बंद पडले, आणि त्यांच्या सेटवरून बेटांवरच्या लोकांची खुशाली बाहेर जायला लागली. माझ्या सेटवरून अजून तरी फक्त हवामान आणि तब्येतीची चौकशी जाते.

अँटेना घरीच केली. दोन मीटर बँडसाठी सोपं असतं: तीनशेला मेगाहर्ट्झने, म्हणजे एकशे पंचेचाळीसने, भागा म्हणजे लहरीची लांबी मीटरमध्ये येते, त्याचा चौथा हिस्सा घ्या, किंचित कमी करा. एकूणपन्नास सेंटिमीटरचे पाच तुकडे, एक उभा, चार तिरके खाली. जाड तांब्याची तार महारानी रोडवर वजनावर मिळाली, कनेक्टर जेल रोडला. दुकानदार म्हणाला, "भाभी, डिश लगवा लो, सस्ती पड़ेगी." चाळीस मीटर बँडच्या डायपोलनं, म्हणजे मधून दोन्हीकडे ताणायच्या तारेच्या अँटेनानं, मात्र रडवलं. तार वीस मीटर, गच्ची बारा मीटर. मधे बांबू, दोन्ही टोकं खाली वळवलेली, त्यातलं एक शेजारच्यांच्या शेवग्याला. शेंगा काढायच्या दिवशी माझं स्टेशन बंद.

क्रिप्टोचं खूळ मुलाचं. त्यानं एक्स्चेंजवर दोन हजारांचं बिटकॉइन घ्यायला लावलं आणि फोनमधल्या स्वतःच्या वॉलेट अ‍ॅपमध्ये काढायला लावलं. वॉलेटनं बारा इंग्रजी शब्द दाखवले. २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले बारा, तेच ठरलेल्या क्रमानं. फोन हरवला तरी चालेल, हे बारा शब्द असले की पैसे परत मिळतात. आणि दुसऱ्या कुणाला मिळाले तर त्याचे होतात. बँकेत जाऊन भांडायची सोय नाही. मी ते हाताशी होतं त्या वहीत लिहिले. ती वही म्हणजे रेडिओचं लॉगबुक. शेवटचं पान.

रोजच्या वापराचं म्हणाल तर इंदुरात ते हसण्यावारीच आहे. सराफ्यात, आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, गराडूवाल्याकडे (गराडू म्हणजे तळलेला कंद) यूपीआयचा क्यूआर लावलेला असतो, बिटकॉइनचं नाव काढलं तर तो लिंबू पिळता पिळता थांबेल. समजा घेतलंच त्यानं, तरी कायद्याच्या दृष्टीनं ती माझ्या बिटकॉइनची विक्रीच. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के कर, वर सेस, आणि एका क्रिप्टोत झालेला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजाही करता येत नाही. म्हणजे गराडूची प्रत्येक प्लेट रिटर्नमध्ये दाखवायची. आमच्या सीएला हे सांगितलं तर तो माझी फाइल परत करेल.

तर एका रविवारी इथले एक जुने हॅम अँटेनाचा एसडब्ल्यूआर, म्हणजे ती सेटशी किती जुळते त्याचा आकडा (कमी तितका चांगला), बघायला आले. सगळे त्यांना भिया म्हणतात, मीही म्हणते. तीनच्या वर होता, तारेची टोकं कापत कापत त्यांनी दीडवर आणला. पोहे-जिलबी झाली. लॉगबुकात शेवटून दुसऱ्या पानावर मी अँटेनाचं चित्र काढलं होतं, ते त्यांना आवडलं. फोटो काढला आणि आमच्या हॅम मंडळींच्या ग्रुपवर टाकला. वही उघडी होती. समोरचं पानही आलं.

दुपारी भोपाळहून एका ज्येष्ठांचा फोन. "वहिनी, ही कसली सांकेतिक भाषा? हॅमवर साध्या भाषेत बोलायचं असतं, नियम विसरलात?" बिचारे खरंच रागावले होते. मला आधी हसू आलं आणि मग पोटात गोळा.

त्यांचं बरोबरच होतं. हॅमवर काही लपवायचं नाही. आपली कॉलसाइन सांगायची, गाव सांगायचं, जे बोलाल ते कुणीही ऐकणार हे धरून बोलायचं. पैशाधेल्याचा व्यवहार वर्ज्य. २०१९ साली कॅनडातल्या एकानं शॉर्टवेव्हवरून अमेरिकेत बिटकॉइन पाठवून दाखवलं म्हणतात, मुलाला त्याचं फार कौतुक. माझ्या सेटवर असलं काही चालणार नाही हे मी त्याला बजावून ठेवलंय. आणि असल्या उघड्या वहीत मी जगापासून लपवायची एकमेव गोष्ट लिहून ठेवली होती.

भियांनी फोटो लगेच काढून टाकला, पण तोवर किती जणांनी पाहिला कोण जाणे. शब्द बदलता येत नाहीत. नवं वॉलेट, नवे बारा शब्द, आणि जुन्यातलं सगळं नव्यात पाठवायचं. फी एकशे चाळीसच्या आसपास गेली, म्हणजे दोन प्लेट गराडू. सरासरी दहा मिनिटांना एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा पक्का होतो, असं मुलगा सांगत होता, आणि सरासरी म्हणजे काय ते मी त्या संध्याकाळी शिकले. गच्चीवर बसून राहिले. त्याच वेळी अंतराळ स्थानक डोक्यावरून जाणार होतं, म्हणून सेटवर त्याची फ्रीक्वेन्सी, १४५.८०० मेगाहर्ट्झ, लावून ठेवली. दहा मिनिटांत ते वायव्येकडून आलं, खरखरलं आणि आग्नेयेला बुडालं. माझे पैसे अजून वाटेतच. चाळीस मिनिटांनी पोहोचले.

मुलगा म्हणाला, "आई, हे नवे शब्द तरी कुठे ठेवणार? तुला काही झालं तर?" मी काही बोलणार तेवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, "त्या पत्र्याच्या पेटीत ठेव. तिला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही." ठेवलेत का, ते इथं लिहीत नाही.