परत फिरलेले म्हणे!

टोल्किनच्या 'सिल्मारिलियन' या पुस्तकात बहुतेक सगळे वाचक त्या सिल्मारिल रत्नांच्या आणि ती घडवणाऱ्या फेआनोरच्या मागे लागलेले असतात, माझा जीव मात्र अडकलाय कोपऱ्यातल्या एल्फांच्या (टोल्किनच्या जगातली अमर जमात) एका टोळीत. नांदोर.

तर झालं असं की सगळे एल्फ पश्चिमेला निघालेत, मधे धुक्याचे डोंगर आडवे आले, ते बघून लेन्वे नावाचा एकजण म्हणाला आपल्याला नाही जायचं, आणि आपली माणसं घेऊन आंदुइन नदीच्या काठाने खाली निघून गेला. झालं, नाव पडलं नांदोर, म्हणजे परत फिरलेले. नाव ठेवलं कोणी तर जे पुढे गेले त्यांनी! यांनी नंतर काय केलं, कुठे राहिले, ते सोडा, कायमचं चिकटलं काय तर डोंगर बघून मागे फिरले. स्वतःला ते लिंडी म्हणायचे, म्हणजे गाणारे, पण ते तुम्हाला मुख्य गोष्टीत नाही सापडणार, त्यासाठी भाषेवरचे नंतर छापलेले निबंध उकरायला लागतात.

आणि घाबरट म्हणावं तर लेन्वेचाच मुलगा डेनेथोर ('लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला गोंडोर राज्याचा त्याच नावाचा कारभारी वेगळा, हा त्याच्या कित्येक हजार वर्षं आधीचा) निळे डोंगर ओलांडून ओसिरियांडला आला, सात नद्यांचा मुलूख. थिंगोल राजाने बोलावलं म्हणून लढायलाही गेला. समोर लोखंडात मढलेले ऑर्क, म्हणजे राक्षसी सैनिक, यांच्याकडे हलकी हत्यारं. आमोन एरेब टेकडीवर वेढा पडला आणि थिंगोल पोचेपर्यंत डेनेथोर त्याच्या जवळच्या माणसांसकट संपला होता. त्यानंतर यांनी राजाच केला नाही कोणाला. काही थिंगोलकडे राहायला गेले, बाकीचे पानांच्या रंगाचे कपडे घालून जंगलात दिसेनासे झाले, मग त्यावरून अजून एक नाव, लाइक्वेंडी, हिरवे एल्फ, तेही बाहेरच्यांनीच दिलेलं.

मला सगळ्यात आवडतो तो प्रसंग म्हणजे पहिली माणसं तिकडे येतात तेव्हाचा. बाकी एल्फ कौतुकाने बघतायत आणि हे हिरवे एल्फ थेट फिनरॉड नावाच्या एल्फ सरदाराकडे तक्रार घेऊन हजर, की ही मंडळी झाडं तोडतात, जनावरं मारतात, यांना एकतर आले तसे परत पाठवा नाहीतर पुढे न्या. फिनरॉडने खरंच त्यांना गेलियन नदीपलीकडे नेलं!