घास न घेणारी गिरण

मी घरी बिअर करते. जानेवारीत सलग दोन वेळा हायड्रोमीटर, म्हणजे रसात साखर किती उतरली ते घनतेवरून सांगणारा तरंगता मापक, १.०४४ वरच तरंगत राहिला. हिशेबाने १.०५४ यायला हवं होतं. पाच किलो माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), २१ लिटर वॉर्ट (माल्टचा गोड रस, त्याचीच पुढे बिअर होते), पेल एल या बिअरची तीच ती पाठ झालेली रेसिपी. पहिल्यांदा मी पाण्याला बोल लावला, दुसऱ्यांदा थर्मामीटरला. यीस्टवर ढकलायची सोय नव्हती, ते अजून पाकिटातच होतं.

गिरणीकडे बघायचं काही सुचलं नाही. आणि मी गिरणीवाल्याची मुलगी! इचलकरंजीत आमच्या अण्णांची पिठाची गिरण होती. पट्ट्यावरची, दगडाची. टाकी लावायच्या, म्हणजे गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीने टोचे मारायच्या दिवशी दगडावर बॅटरी धरून उभं राहायचं काम माझं. आता मी मिलवॉकीत असते आणि गॅरेजमध्ये बिअरसाठी सातूचं माल्ट भरडते. इथे घरी बिअर करायला १९७८ च्या कायद्यापासून परवानगी आहे. घरात दोन प्रौढ असले तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत. (महाराष्ट्रातल्या मंडळींनो, तुमच्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, तेव्हा नुसतं वाचा.)

माझी गिरण म्हणजे दोन पोलादी रूळ आणि वर हॉपर, म्हणजे दाणे ओतायचं नरसाळं. एक रूळ ड्रिलने फिरतो. दुसऱ्याला काहीच जोडलेलं नाही. दाणे मध्ये सापडले की त्यांच्या रेट्याने तो आपोआप फिरायला लागतो. रुळांवर नर्लिंग, म्हणजे बारीक खरखरीत जाळी, दाणा पकडायला. पीठ करायचंच नसतं. टरफल होईल तितकं शाबूत राहायला हवं, कारण पुढे मॅशमधून, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या भरडीतून, वॉर्ट गाळताना तेच गाळणीचं काम करतं. आतला दाणा मात्र दोन-चार तुकड्यांत फुटायला हवा. अख्खा राहिला तर त्यातला स्टार्च पाण्याला भेटतच नाही, मग साखर कुठून येणार?

तिसऱ्या बॅचला मी रागारागाने रूळ जवळ आणले. किती, ते मोजलंसुद्धा नाही. टरफलांचा भुगा झाला, मॅशचं पिठलं झालं आणि नळातून थेंब येईना. भाताचा तूस मिसळून ढवळलं, फुंकलं, शिव्या दिल्या. रात्री साडेअकराला ते सगळं कंपोस्टमध्ये गेलं.

रविवारी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. इथे सकाळचे नऊ, तिकडे रात्रीचे साडेआठ, त्यांचं जेवण झालेलं.

"कशासाठी दळतीस ते मी इचारत न्हाई," त्यांनी आधीच सांगून टाकलं. माळकरी माणूस. "पट्टा ढिला हाय का?"

"पट्टा नाही अण्णा, ड्रिल आहे."

"बरं. मग खाली काय पडतंय ते दाव. आन् डावीकडचं, उजवीकडचं येगळं धर."

हे मला कधीच सुचलं नव्हतं. मी नेहमी बादलीत हात घालून मूठभर बघायची आणि बादलीत तर सगळं मिसळलेलं असतं. रूळ पूर्वीच्या खुणेवर नेले, खाली दोन ताटल्या ठेवल्या आणि थोडं माल्ट भरडलं. दोन्हीकडचे शंभर-शंभर दाणे मोजले. उजवीकडे चार अख्खे, डावीकडे एकोणीस! अण्णा म्हणाले, "रूळ तिरकं झाल्यात."

ऑटो पार्ट्सच्या दुकानातून फीलर गेज आणला. स्पार्क प्लगची फट मोजायला असतात तशा पातळ पोलादी पट्ट्या. उजवीकडे ०.९ मिलिमीटर, डावीकडे १.१५. फट ठरवणाऱ्या बाहेरच्या नॉबवरची खूण मात्र दोन्हीकडे छान एकावर. डावा नॉब धरून ठेवणारा स्क्रू ड्रिलच्या थरथरीने सैल झाला होता. रूळ हळूहळू सरकत गेला आणि नॉब जागचा हलला नाही. तेव्हापासून मी खुणेवर विश्वास ठेवत नाही. दर वेळी दोन्ही टोकांना पट्टी घालून बघते. ती किंचित अडखळत सरकली पाहिजे. गेज नसेल तर जुनं क्रेडिट कार्ड घ्या, ते ०.७६ मिलिमीटर असतं. निदान दोन्ही बाजू सारख्या आहेत का एवढं तरी कळतं.

एक मिलिमीटरवर दोन्ही टोकं बसवली, माल्ट ओतलं, ड्रिल दाबलं. आणि दाणे वरच्या वर नाचायला लागले! खाली काहीच नाही. "घास घेईना झालीया," अण्णा फोनवरून म्हणाले. हॉपर रिकामा केला आणि दुसरा रूळ बोटाने फिरवून पाहिला. तो बोटभर फिरून अडकला. खरं तर टिचकीने गरागरा फिरायला हवा.

ही करणी माझीच. मागच्या वर्षी मी बुशांमध्ये, म्हणजे रुळाची टोकं ज्यांत फिरतात त्या कड्यांमध्ये, सढळ हाताने तेल सोडलं होतं. तेलावर पीठ बसत गेलं आणि त्याचा अक्षरशः डिंक झाला. त्यात भर म्हणजे टरफल लवचिक व्हावं म्हणून भरडण्याआधी माल्टवर पाणी शिंपडायची पद्धत आहे, ती मी अंदाजपंचे केली. वजनाच्या दोन टक्के पुरतं, पाच किलोला १०० मिलिलिटर; मी कितीतरी जास्त मारलं असणार. ओलं पीठ नर्लिंगमध्ये बसून वाळलं, खाली तांबूस गंजही होता. मग दाणा पकडणार कोण?

सगळं खोललं. जुन्या टूथब्रशने आणि पितळी तारेच्या ब्रशने रूळ कोरडेच घासले, बुशांतला डिंक दातकोरणीने काढला. पाणी अजिबात लावलं नाही. हे रूळ साध्या पोलादाचे आहेत, स्टेनलेस नाहीत. मग फूड ग्रेड खनिज तेल. दोन्ही बुशांत एकेक थेंब, वरचं लगेच पुसून. अण्णा दुसऱ्या थेंबाला ओरडले.

ड्रिलचंही माझं चुकत होतं. आधी हॉपर भरायची आणि मग बटण दाबायची, म्हणून पहिल्या झटक्यालाच ड्रिल गुरगुरायचं आणि जळका वास यायचा. आता पहिल्या गिअरवर सावकाश, मिनिटाला दोनशेच्या आसपास फेरे, आणि रूळ फिरायला लागल्यावर मग दाणे. आणि हे सगळं गॅरेजमध्येच, बाहेर उणे पंधरा असलं तरी. माल्टच्या धुळीबरोबर लॅक्टोबॅसिलस जिवाणू उडतात, ते फर्मेंटरजवळ, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्याजवळ, गेले तर पुढे काय होतं ते दही लावणाऱ्याला सांगायला नको.

गेल्या शनिवारी १.०५३ आलं. अण्णांना आकडा सांगितला तर म्हणाले, "किलोत सांग." काय सांगणार!

पुढच्या बॅचमध्ये पाचवा हिस्सा राय, हे गव्हासारखं एक धान्य, घालायची आहे. तिचा दाणा बारीक आणि टणक, एक मिलिमीटरमधून अख्खा निसटतो, म्हणजे ती वेगळी, रूळ आणखी जवळ आणून भरडावी लागणार. किती जवळ, ते अण्णांना विचारलं.

"राई? म्हंजी मव्हरी?" ते म्हणाले. "मव्हरी घाण्याला घालत्यात. गिरणीत घातलीस तर दगड धुवावा लागंल."