आमची वाटचाल: ट्रकच्या टायरपासून स्पोर्ट्स कारच्या मॅगव्हीलपर्यंत

आमच्या व्यवसायाची सुरुवात वडिलांनी धुळ्यात ट्रकच्या टायरांच्या कामाने केली. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग ज्या शहरात एकत्र येतात, तेथे चाकाच्या कामाला कधी तोटा पडला नाही. छोट्या गाड्या वाढल्या तशी आम्ही संगणकीय व्हील अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगची यंत्रे घेतली. पुढे शिरपूर, जळगाव, रावेर, नंदुरबार या भागांतील केळी बागायतदार, जिनिंगवाले आणि डॉक्टर पुण्या-मुंबईहून वापरलेल्या स्पोर्ट्स कार आणू लागले आणि त्यांच्यासाठी बाजारातली चांगली मॅगव्हील, म्हणजे मिश्रधातूची (अलॉय) चाके, निवडून बसवणे हे आमचे मुख्य काम झाले.

या कामात आम्ही एक पद्धत पहिल्यापासून पाळली आहे. ग्राहक चाकाची पुढची बाजू पाहतो, आम्ही आधी चाक पालथे करतो. जळगावच्या सराफ बाजारात जाणता माणूस दागिन्याची घडण पाहण्याआधी हॉलमार्क शोधतो, तसेच हे आहे. आरीच्या (स्पोकच्या) मागे किंवा हबला, म्हणजे चाक ज्यावर कसले जाते त्या धुरेच्या टोकाला, टेकणाऱ्या बाजूवर कारखान्याचे नाव, चाकाचा व्यास व रुंदी, ऑफसेट (चाकाच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूचे मिलिमीटरमधील अंतर), किती किलो भार सोसेल तो आकडा आणि उत्पादनाचा महिना-वर्ष ओतीव अक्षरांत असले पाहिजे. जपानी मानकाचे जेडब्ल्यूएल हे चिन्ह म्हणजे चाक त्या मानकाला उतरते असे उत्पादकाने स्वतः सांगणे होय. सोबत व्हीआयए असेल तर स्वतंत्र संस्थेकडे त्या चाकाची नोंद झालेली असते. जर्मनीत मान्यता मिळालेल्या चाकावर केबीए क्रमांक असतो, तर आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह पाहावे. एकटे जेडब्ल्यूएल पाहून मात्र आम्ही कधी समाधान मानत नाही, कारण ती तीन अक्षरे साच्यात कोरणे कोणालाही जमते. ज्या चाकावर चिन्ह आहे पण कारखान्याचे नाव आणि भाराचा आकडा नाही, ते आम्ही बसवत नाही.

भाराचा आकडा आम्ही गाडीच्या कागदांशी ताडून पाहतो. मागच्या धुरेवर 1100 किलोपर्यंत भार मान्य असेल, तर तेथील प्रत्येक चाकाची क्षमता किमान 550 किलो हवी आणि त्यापेक्षा जास्त असेल तर उत्तमच. टायरचेही तसेच आहे. 92 हा लोड इंडेक्स 630 किलोचा, 94 हा 670 किलोचा. वेगाचे अक्षर डब्ल्यू असेल तर 270 आणि वाय असेल तर ताशी 300 किलोमीटरपर्यंत. तो वेग धुळ्यात कोणी गाठणार नाही, हे खरे. पण त्या दर्जाच्या टायरची बांधणी उष्णता सोसण्यासाठी केलेली असते आणि मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असताना तापलेल्या डांबरावर हीच बांधणी उपयोगी पडते.

यानंतर मापे येतात आणि सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. बीएमडब्ल्यूच्या झेड-फोर या एकाच नावाच्या गाडीत जुन्या पिढ्यांना 5×120 पीसीडी (पाच बोल्ट आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास 120 मिलिमीटर) आहे, तर 2018 साली आलेल्या पिढीला 5×112. फोर्डच्या मस्टँगला 5×114.3 लागते, पोर्शच्या 718 ला 5×130. पाच बोल्ट सगळ्यांनाच असल्यामुळे फोटोवरून मागवलेले चाक 'जवळपास बसते' असे सांगणारे विक्रेते भेटतात. परंतु पीसीडीमध्ये जवळपास असे काही नसते. पीसीडी जुळले तरी मधल्या भोकाचा व्यास उरतोच. स्कोडा ऑक्टेव्हियाचा हब 57.1 मिलिमीटरचा आणि मर्सिडीजचा 66.6 मिलिमीटरचा, दोन्हींना 5×112 असूनही मर्सिडीजचे चाक ऑक्टेव्हियावर मधली फट भरणाऱ्या हब रिंगशिवाय चढवले, तर ते हबवर नेमके मध्यावर बसत नाही आणि ताशी ऐंशी-नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरते. मग बॅलन्सिंग पुन्हा पुन्हा होते, पण थरथर जात नाही. आम्ही अशा ठिकाणी ॲल्युमिनियमची हब रिंगच वापरतो, कारण कन्नड घाट उतरून चाळीसगावकडे येणाऱ्या गाडीच्या ब्रेकची धग प्लास्टिकच्या रिंगला मानवत नाही. बोल्टची बैठक गोल आहे की शंकूसारखी, हेही तपासावे लागते. गोल बैठकीच्या चाकात शंकूचा बोल्ट कसला तर तो घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण त्याची पकड जेमतेम एका कडेवर असते.

ऑफसेट ग्राहकाला समजावून सांगताना आम्ही कागदावर आकडे मांडतो. समजा मूळ चाक 17 इंच व्यासाचे, 7.5 इंच रुंद आणि 45 ऑफसेटचे आहे. त्याऐवजी 18 इंच, 8 इंच रुंद आणि 40 ऑफसेटचे चाक घेतले, तर बाहेरची कडा सुमारे 11 मिलिमीटर बाहेर येते आणि आतली कडा जेमतेम 1.35 मिलिमीटर आत सरकते. ते 11 मिलिमीटर मडगार्डच्या कडेला, विशेषतः मागे दोन माणसे बसल्यावर, परवडतील का हे गाडी उचलून आणि सस्पेन्शन दाबून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. आतल्या बाजूला ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणारा भाग, असतो. स्पोर्ट्स कारचे कॅलिपर मोठे असल्याने व्यास पुरेसा असूनही आरीची पाठ त्याला घासू शकते. म्हणून टायर चढवण्याआधी नुसते रिम हबवर कसून हाताने पूर्ण फेरा फिरवून पाहणे, हा आमच्याकडे न चुकणारा नियम आहे.

व्यास किती वाढवावा, यावर माझे मत ठाम आहे: आपल्या रस्त्यांवर एका इंचापेक्षा जास्त वाढवू नये. 225/45 आर17 (225 मिलिमीटर रुंद, भिंतीची उंची रुंदीच्या 45 टक्के, 17 इंची रिम) या टायरची बाजूची भिंत सुमारे 101 मिलिमीटर उंच असते, 225/40 आर18 मध्ये ती 90 राहते आणि 235/35 आर19 मध्ये 82. पहिल्या दोहोंचा एकूण व्यास अनुक्रमे 634 आणि 637 मिलिमीटर, म्हणजे स्पीडोमीटरला फारसा फरक कळत नाही. तिसऱ्याचा 647 होतो. व्यासाचा हिशेब जुळवता येतो, पण कमी झालेली रबराची भिंत कोठून आणणार? महामार्ग चौपदरी झाले असले तरी गावात वळताना खड्डा, गतिरोधक आणि उखडलेली साइडपट्टी आहेच. एका ग्राहकाचे वडील मुलासोबत आले होते. एकोणीस इंची चाकावर हात फिरवून त्यांनी विचारले, "भाऊ, हाई चाक दिसाले भारी शे, पन टिकी का?" मला वाटते, त्या दिवशी दुकानात विचारला गेलेला सर्वांत नेमका प्रश्न तो होता. त्यांनी अठरा इंची घेतले.

टिकण्याचा संबंध घडणीशीही आहे. साध्या ओतकामात वितळलेला मिश्रधातू केवळ वजनाने साच्यात उतरतो. कमी दाबाच्या ओतकामात तो खालून दाबाने भरला जातो, त्यामुळे आत पोकळ्या कमी राहतात. फ्लो फॉर्मिंगमध्ये ओतलेल्या चाकाचा रिमचा भाग तापवून फिरवत रुळांनी दाबला जातो. धातू दाट होतो, भिंत पातळ ठेवता येते आणि वजन घटते. फोर्जिंगमध्ये घन ठोकळाच प्रचंड दाबाने घडवतात. असे चाक जोराच्या धक्क्याने सहसा तडकत नाही, वाकते; वळणाच्या भर रस्त्यात हा फरक जिवाचा ठरू शकतो. किंमत मात्र बरीच जास्त असते. नामांकित कारखान्याचे फ्लो फॉर्मिंगचे चाक हा बहुतेक ग्राहकांना आमचा सल्ला असतो, कारण नकली फोर्ज्डपेक्षा अस्सल फ्लो फॉर्म्ड केव्हाही बरे.

यावल तालुक्यातील एका बागायतदाराची गाडी आमच्याकडे आली ती रोज सकाळी एका चाकातली हवा उतरलेली असते म्हणून. दुसरीकडे व्हॉल्व्ह बदलून झाला होता. आम्ही टायर चढवलेल्याच स्थितीत चाक पालथे टाकून आतल्या कडेवर साबणाचे पाणी सोडले. बराच वेळ काही दिसले नाही. मग बॅलन्सिंगच्या वजनाशेजारी मोहरीएवढा बुडबुडा आला, फुटला आणि त्याच जागी पुन्हा आला. वजन काढून पुसल्यावर केसाएवढी चीर दिसली, कडेपासून आत गेलेली. चाकावर जेडब्ल्यूएल होते, भाराचा आकडा नव्हता. वेल्डिंग करून देण्याचा आग्रह झाला, तो आम्ही मानला नाही. मॅगव्हीलची ताकद नेमून दिलेल्या तापमानाच्या उष्णताप्रक्रियेतून आलेली असते. वेल्डिंगची किंवा गॅसच्या ज्योतीची आंच लागली की त्या जागेचा धातू मऊ पडतो आणि वरून मात्र रंग नवा दिसतो. त्यांनी चारही चाके बदलली आणि पुढे त्यांच्याच गावातून आणखी गाड्या आमच्याकडे आल्या. आमचा व्यवसाय जाहिरातीपेक्षा अशा नकारांवर अधिक वाढला, असे मी अभिमानाने म्हणेन.

नवी चाके बसवलेली गाडी आम्ही विमा कंपनीला बदल कळवण्याची सूचना केल्याशिवाय देत नाही. बोल्ट टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरलेल्या जोराने कसता येणाऱ्या पान्यानेच, कसले जातात. ऑक्टेव्हियासाठी 120 आणि पोर्श 718 साठी 160 न्यूटन-मीटर, असे प्रत्येक गाडीचे आकडे भिंतीवर लावलेले आहेत. नवे चाक हबवर पूर्ण बसेपर्यंत बोल्ट किंचित सैल पडू शकतात, म्हणून पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर गाडी परत आणावी लागते. हे काम आम्ही विनामूल्य करतो. ज्यांना रावेर किंवा तळोद्याहून पुन्हा येणे जमत नाही, त्यांना टॉर्कचा आकडा, हब रिंगचे माप आणि थंड टायरमधील हवेचा दाब बिलाच्या मागे लिहून देतो आणि त्यांच्या गावच्या टायरवाल्याशी फोनवर बोलून घेतो.