विष मोजले का?

प्रयोगशाळेत ज्यांनी थोडेफार दिवस काढले आहेत, त्यांना त्या काचेच्या तबकडीची भुरळ ठाऊक असते. मध्यभागी गव्हाच्या रोगट ओंबीतून वेगळी केलेली गुलाबी कापसासारखी बुरशी, कडेला बॅसिलस जिवाणूची एक रेघ, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी दोघांच्या मध्ये उरलेली स्वच्छ, मोकळी पट्टी. बुरशीचे तंतू त्या पट्टीच्या काठापर्यंत येतात आणि भिंत लागल्यासारखे थबकतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची टोके फुगलेली आणि वेडीवाकडी झालेली दिसतात. पहिल्यांदा अशी तबकडी मिळाली तेव्हा मी ती घेऊन उत्साहाने आमच्या सरांकडे गेलो होतो. त्यांनी ती उजेडाकडे धरून पाहिली, परत हातात दिली आणि विचारले, ‘‘छान आहे. विष मोजलंस का?’’

मोजले नव्हते. धान्यातील बुरशीविषांविरुद्ध उपयुक्त जिवाणू वापरण्याविषयी त्यानंतर जे जे वाचले आणि करून पाहिले, त्याला हा प्रश्न मी प्रत्येक वेळी लावत आलो आहे.

गव्हाच्या आणि बार्लीच्या ओंबीवर येणारी फ्युझेरियम ग्रॅमिनिअरम ही बुरशी दोन प्रकारे नुकसान करते. एक नुकसान डोळ्यांना दिसते. हिरव्या ओंबीत मधलीच काही कणसुले, म्हणजे दाणे धरणारे छोटे गुच्छ, अकाली पांढरी पडतात, दमट हवेत त्यांच्या कडांना गुलाबी-नारिंगी झाक येते आणि मळणीनंतर हाती येणारे दाणे खडूसारखे पांढरट, सुरकुतलेले आणि पोचट असतात. दुसरे नुकसान दिसत नाही. डीऑक्सिनिव्हालेनॉल हे विष दाण्यात उतरते, दळल्याने जात नाही आणि भट्टीच्या उष्णतेलाही बऱ्यापैकी पुरून उरते. ते पेशींतील प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेलाच अडवते. डुकरे तर असे धान्य तोंडात घेऊन बाजूला होतात, आणि खाल्लेच तर ओकतात. अनेक देशांनी गव्हासाठी घालून दिलेली मर्यादा दर किलोला 1 मिलिग्रॅमच्या आसपास आहे, आणि या प्रमाणाचा नजरेने अंदाज घेता येत नाही. पोचट दाणे हलके असल्यामुळे उपणताना बरेचसे विष वाऱ्याबरोबर जाते हे खरे, परंतु उशिरा लागण झालेला दाणा भरदार दिसूनही विषारी असू शकतो. रोग किती कमी झाला आणि विष किती कमी झाले, हे म्हणून दोन वेगळे हिशेब आहेत.

ते वेगळे का आहेत, हे समजण्यासाठी बुरशी हे विष बनवते कशासाठी, इकडे पाहावे लागते. विषाच्या निर्मितीतील पहिले पाऊल ज्या जनुकावर अवलंबून असते, ते ट्राय-5 नावाचे जनुक काढून टाकलेली बुरशी गव्हाच्या एका कणसुलात शिरू शकते, पण ओंबीच्या मधल्या दांड्यातून शेजारच्या कणसुलांपर्यंत तिची मजल जात नाही. गव्हाच्या बाबतीत विष हे बुरशीच्या घुसखोरीचे हत्यारच आहे, आणि हत्यार तर अडचणीच्या वेळीच उपसले जाते. काही बुरशीनाशकांची मात्रा अपुरी पडली, म्हणजे बुरशी मेली नाही पण तिच्यावर ताण मात्र आला, तर ती उलट अधिक विष बनवते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. जिवाणूने सोडलेले प्रतिजैविक शेतात पाऊस, दव आणि ऊन यांमुळे पातळ होत जाते, तेव्हा तेथेही अर्धवट मार बसण्याचीच शक्यता अधिक. तबकडीतील मोकळी पट्टी याविषयी काहीच सांगत नाही.

बॅसिलस गटातील जिवाणूंची शस्त्रे एव्हाना चांगली ओळखीची झाली आहेत. इट्युरिन आणि फेंजायसिन ही साबणासारख्या स्वभावाची रेणूद्रव्ये बुरशीच्या पेशीपटलाला भोके पाडतात. सर्फॅक्टिन ओल्या पृष्ठभागावर जिवाणूला पसरायला मदत करते. शिवाय बॅसिलसला एक व्यावहारिक सोय आहे. तो कठीण कवचाचे बीजाणू बनवतो, त्यामुळे भुकटी करून महिनोन्‌महिने ठेवला तरी जिवंत राहतो. स्युडोमोनास या दुसऱ्या उपयुक्त जिवाणूला ती कला अवगत नाही. तो सुकवला की मरू लागतो, आणि कितीतरी गुणी स्युडोमोनास केवळ या कारणाने बाटलीबाहेर पोहोचलेच नाहीत.

खरी अडचण पुढे, शेतात आहे. गव्हाला लागण होण्याचा मुख्य काळ म्हणजे फुलोऱ्याचे मोजके दिवस. परागकोश बाहेर लोंबू लागले की त्यांच्यावर बुरशीचे बीजाणू येऊन पडतात, तेथेच रुजतात आणि त्या वाटेने आत उतरतात. परागकोशांतील कोलीन आणि बीटेन ही द्रव्ये या बुरशीच्या वाढीला चालना देतात, असे 1970च्या दशकातच दाखवले गेले होते. त्यावरून काही संशोधकांनी जी युक्ती काढली, ती मला फार आवडते. त्यांनी परागकोशांवरच राहणारे सूक्ष्मजीव गोळा केले आणि त्यांतून कोलीन खाऊन जगणारे निवडले. असा सूक्ष्मजीव बुरशीच्या आधी पंगतीला बसतो आणि पान रिकामे करून उठतो. मात्र हे साधायचे तर फवारणी त्या मोजक्या दिवसांतच झाली पाहिजे. दोन दिवस आधी केली तर परागकोश बाहेर आलेले नसतात, आणि चार दिवस उशीर झाला तर बुरशी आत गेलेली असते. शिवाय एकाच शेतातील सगळ्या ओंब्या एकाच दिवशी फुलत नाहीत. फुलोऱ्यातील ओंबी भिंगाखाली धरली, तर मधल्या कणसुलांतून पिवळे परागकोश लोंबत असतात आणि वरची व खालची कणसुले अजून मिटलेली असतात. फवाऱ्याचा थेंब नेमका कोठे पडायला हवा, हे पाहिले की मनातल्या मनात हात जोडावेसे वाटतात.

नाचणीची कथा याहून वेगळी आहे. नाचणीला फ्युझेरियमचा उपद्रव फारसा होत नाही, याचे कारण शोधताना कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांना तिच्या मुळांच्या आत राहणारा एंटरोबॅक्टर गटातील एक जिवाणू सापडला. त्यांचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. बुरशी मुळाकडे येऊ लागली की हा जिवाणू आतून बाहेर त्या जागी धावतो. तेथील मूलरोम, म्हणजे मुळावरचे बारीक केस, भराभर वाढतात आणि सरळ बाहेर जाण्याऐवजी मुळाला समांतर वाकतात. त्यांच्यामधल्या फटी जिवाणू भरून काढतात. मूलरोमांचे जणू कुडाचे कुंपण आणि त्यात जिवाणूंचा गिलावा. बुरशी त्यात अडकते आणि मारली जाते. हाच जिवाणू मका आणि गहू यांत सोडून पाहिला, तेव्हा रोगाबरोबर दाण्यातील विषही कमी झाले. येथे विष मोजलेले होते, म्हणून या अभ्यासावर माझा अधिक विश्वास बसतो.

चीनमधील संशोधकांनी गव्हाच्या ओंबीवरच राहणारा एक स्युडोमोनास 2018 साली पुढे आणला, तो आणखी खोलवर काम करतो. त्याने सोडलेले फिनाझिन वर्गातील द्रव्य बुरशीच्या पेशीत शिरून, जनुकांचा धागा ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर रासायनिक खुणा उमटवणाऱ्या विकराच्या कामात ढवळाढवळ करते. परिणामी बुरशीची वाढ, तिची आक्रमकता आणि तिची विषनिर्मिती ही तिन्ही खालावतात. माझ्या मते शोध याच दिशेने व्हायला हवा. बुरशी संपूर्ण मारण्याची प्रतिज्ञा शेतात पुरी होणे कठीण आहे; तिचा विषाचा कारखाना बंद पाडणारा जिवाणू तबकडीत कदाचित मोकळी पट्टी दाखवणारही नाही, आणि पट्टी पाहूनच निवड केली तर तो पहिल्याच चाळणीत गळून जाईल.

बुरशीही स्वस्थ बसत नाही. काही फ्युझेरियम बुरश्या फ्युझेरिक आम्ल सोडून स्युडोमोनासची प्रतिजैविक बनवण्याची क्षमताच दडपतात, हे 1990च्या दशकात दिसून आले आहे.

विष तयार झाल्यावर ते मोडणारे जिवाणूही आहेत. गाईच्या कोठीपोटातील एक जिवाणू डीऑक्सिनिव्हालेनॉलमधील तीन अणूंचे जे घातक कडे असते, तेच उघडतो. पण त्याला हवा सोसत नाही, म्हणून त्याची जागा पशुखाद्यात, शेतात नव्हे. मातीत सापडलेला डेव्होसिया गटातील जिवाणू हवेत काम करतो आणि विषाच्या रेणूतील एका हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या) गटाची दिशा फिरवून त्याला बरेचसे निरुपद्रवी करतो. मक्यातील अफ्लाटॉक्सिन या दुसऱ्या बुरशीविषाविरुद्ध शेतात सर्वाधिक यश मिळाले आहे ते मात्र जिवाणूंना नव्हे, तर ते विष बनवणाऱ्या अॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीच्याच, पण विष न बनवणाऱ्या वाणांना. भाऊबंदच आधी येऊन जागा धरतात आणि विषारी वाणाला शिरकाव मिळत नाही. जिवाणूंची बाजू घेऊन लिहिताना हे सांगणे थोडे जिवावर येते.

साठवणीतील धान्यासाठी जिवाणू वापरण्याच्या कल्पनेवर मात्र माझा विश्वास नाही, आणि त्याचे कारण पाणी हे आहे. बहुतेक जिवाणूंना वाढण्यासाठी जेवढा ओलावा लागतो, त्याहून बऱ्याच कमी ओलाव्यात अॅस्परजिलस वाढते. धान्य अर्धवट वाळलेले असेल तर बुरशीला पुरेल आणि जिवाणूला पुरणार नाही, असा नेमका मधला टप्पा तयार होतो. तेथे चांगले वाळवणे, एवढाच उपाय.

सरांच्या प्रश्नाचे उत्तर पुढे मी देऊ लागलो. ओंब्यांवर जिवाणू फवारायचा, दाणे दळायचे, अर्क काढायचा आणि विष मोजायचे, असा क्रम बसला. एकदा आकडा बराच खाली आला, म्हणून मी पुन्हा उत्साहाने गेलो. त्यांनी कागद पाहिला आणि विचारले, ‘‘कोणतं विष मोजलंस?’’ गहू स्वतःच्या बचावासाठी डीऑक्सिनिव्हालेनॉलला ग्लुकोजचा एक रेणू चिकटवून ठेवतो. असे झाकलेले विष केवळ मूळ रेणू शोधणाऱ्या चाचणीच्या हाती लागत नाही. खाणाऱ्याच्या आतड्यातील जिवाणू ते ग्लुकोज पुन्हा तोडून विष मोकळे करू शकतात. माझ्या कागदावर त्याचा रकाना नव्हता. शिल्लक राहिलेले अर्क मी शीतपेटीतून बाहेर काढले.