केसांचा ‘व्हॉल्यूम’ वेल्शमध्ये कसा सांगायचा?

‘वेल्शमध्ये केशकर्तनाचे खास शब्द आहेत तरी का, की सगळे नव्याने घडवावे लागतात?’ केशकर्तन शिकणाऱ्यांसाठी वेल्श, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सच्या भाषेतली, शब्दयादी करताना हा प्रश्न आम्हाला वरचेवर येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बरेचसे शब्द आधीपासूनच वेल्समध्ये लोकांच्या तोंडी आहेत. केशकर्तनाला ‘ट्रिन ग्वाल्ह्ट’, कात्रीला ‘सिसुर्न’, कंगव्याला ‘क्रीब’. भांगाला ‘र्‍हेस वेन’ म्हणतात, म्हणजे पांढरी ओळ. किती नेमकं पाहिलंय! (वेल्शमधला दुहेरी ‘एल’ इथे ‘ल्ह’ असा लिहिलाय. उच्चार करताना जीभ ‘ल’च्या जागी ठेवायची आणि बाजूने नुसती हवा सोडायची.) असे शब्द हाताशी असताना कोशातून जडजंबाल काहीतरी उचलून आणणं ही पहिली चूक.

खरं अडतं ते शिकवताना. केस उजळायला वापरतात त्या पेरॉक्साइडच्या बाटलीवर इंग्रजी असतं आणि इंग्रजीतला एकच शब्द दोन-तीन ठिकाणी राबतो. ‘व्हॉल्यूम’च घ्या. 20 व्हॉल्यूम पेरॉक्साइड म्हणजे 6 टक्के. एक लिटर द्रावणातून साधारण 20 लिटर ऑक्सिजन सुटतो, म्हणून 20. इथे घनफळाचा ‘कव्हाइंट’ हा शब्द चपखल बसतो, कारण वायूचं घनफळच तर मोजलेलं असतं. पण ड्रायर मारताना मुळाशी केस उचलून ‘व्हॉल्यूम’ आणतात, तिथे घनफळाचा काय संबंध? तिथे ‘ल्हाउन्डेर’, म्हणजे भरलेपणा. इंग्रजीत शब्द एक, आपल्या वेल्श यादीत नोंदी दोन. आणि पेरॉक्साइडच्या नोंदीत टक्केवारी लिहायलाच हवी: 10 ला 3, 20 ला 6, 30 ला 9, 40 ला 12. नाहीतर शिकाऊ मुलगी 20 हाच आकडा टक्के समजून बसेल, आणि हे द्रावण गिऱ्हाइकाच्या डोक्यावर जायचं असतं.

म्हणून आधी शब्दाकडे बघायचंच नाही. हात काय करतोय, केसात काय घडतंय, ते साध्या वेल्शमध्ये एका वाक्यात लिहायचं. मग चालू शब्द शोधायचा, मग शाळेतल्या विज्ञानाच्या परिभाषेत बघायचं. बँगोर विद्यापीठातल्या कनोल्वन बेडविर या केंद्राने परिभाषेचं मोठं काम केलंय, तिथे काय ठरलंय ते पाहिल्याशिवाय नवा शब्द पाडू नये. संकल्पनेपासून सुरुवात करा, असं आयएसओ 704 हे परिभाषेचं आंतरराष्ट्रीय मानकही सांगतं.

विज्ञानाकडे का जायचं, ते केसाच्या ताणाच्या चाचणीवरून कळतं. एक ओला केस दोन चिमटींत धरून हलकेच ओढायचा. निरोगी केस ओला असताना जवळजवळ निम्म्याने लांबतो आणि सोडला की परत येतो. ब्लीच जास्त झालेला केस च्युइंगमसारखा ताणला जातो आणि तसाच लोंबतो, नाहीतर तटकन तुटतो. परत येण्याच्या गुणाला पदार्थविज्ञानात ‘एलास्टिगेध’ म्हणतात. ‘हडविथेध’ हा शब्द कानाला अधिक वेल्श वाटतो, लवचिकपणा या अर्थानेही सापडतो, पण शाळेत तो तन्यतेसाठी, म्हणजे धातूची तार ओढली की लांब होऊन तशीच राहते त्या गुणासाठी, ठरलेला आहे. तो इथे घेतला, तर बिघडलेल्या केसाचं लक्षण चांगल्या केसाच्या नावावर जातं! अशा वेळी देशी वाटणाऱ्या शब्दाचा मोह सोडावा, असं आमचं ठाम मत आहे.

हायलाइट्सचं उलट आहे. ‘गोलेयादाई’ म्हटलं तर नुसते दिवे, अगदी सिग्नलचेसुद्धा. ‘आमलगी’ म्हणजे मजकूर ठळक करणं किंवा एखादी गोष्ट नजरेस आणणं. त्यापेक्षा ‘किडन्नाई गोलाई’, उजळ बटा, हे साधं वर्णन बरं. ‘गोलाई’ हा शब्द सोनेरी केसांसाठी रोजचाच आहे, आणि लोलाइट्सना ‘तविल्ह’, म्हणजे गडद, लावलं की जोडीही जमते.

पर्मच्या, म्हणजे रसायनाने केस टिकाऊ कुरळे करण्याच्या, न्यूट्रलायझरपाशी मात्र थांबावं. थायोग्लायकोलेट या रसायनाने केसातले गंधकाचे बंध तुटतात, आणि नव्या वळणात ते पुन्हा जुळवतो तो पेरॉक्साइड. यात आम्ल-अल्कलीचं उदासीनीकरण असं काही नाही, इंग्रजी नावच दिशाभूल करतं. तरी बाटलीवर तेच नाव असल्यामुळे त्याच्याशी मिळताजुळता वेल्श शब्द ठेवावा आणि व्याख्येत ‘बंध पुन्हा जोडतो’ हे स्पष्ट लिहावं.

नोंदीत लिंग आणि अनेकवचन हवंच, कारण वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं. माझे केस ‘व ङ्वाल्ह्ट’, त्याचे ‘ई वाल्ह्ट’, तिचे ‘ई ग्वाल्ह्ट’. वेणी ‘प्लेथ’, पण स्त्रीलिंगी असल्याने ‘ती वेणी’ म्हणताना ‘अ ब्लेथ’. ‘वाल्ह्ट’ ऐकून आलेला नवशिक्या यादीत ‘व’खाली शोधत बसतो. आणि रोमन ‘a’च्या जागी चुकून ‘e’ टंकला, तर ‘ग्वाल्ह्ट’चं (gwallt) ‘ग्वेल्ह्ट’ (gwellt) होतं, म्हणजे गवताच्या काड्या. शब्दतपासनीसाला ती चूक दिसत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. छापायच्या आधी हा एक शब्द डोळ्यांनी शोधून काढावा.